अभिप्रायार्थ

एकोणीसशे अडुसष्ट सालचा हिवाळा. थंडी अशी की रबर तापवायच्या यंत्रापासून शिक्केवाल्याचं मांजर दिवसभर हलत नव्हतं. त्या यंत्राच्या साच्यातून मी बाहेर आलो. मी शिक्का बोलतोय.

लाकडी मूठ, खाली रबर, रबरावर दोन ओळी. वरची ओळ मोठी : अभिप्रायार्थ. खालची बारीक : विक्रीसाठी नाही. मुठीच्या पुढच्या अंगाला एक पितळी खिळा ठोकलेला आहे. बोट त्यावर आलं की मी सरळ धरला गेलोय हे न बघता कळतं. माझी अक्षरं उलटी आहेत. त्यावरून मला हसणारे बरेच भेटले. शिक्का उलटा असतो म्हणून ठसा सुलटा येतो, एवढं ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

मला न्यायला संपादक स्वतः आले. आखूड कोट, बोटांना शाई, चेहऱ्यावर हसू नाही. त्यांनी मला कागदावर उमटवून पाहिलं, भिंगातून रफार तपासला आणि हा टिकेल ना, असं विचारलं. शिक्केवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही टिकाल तेवढा टिकेल." संपादकांनी मला खिशात घातलं. रफार अजून शाबूत आहे.

संपादकांची शाळा चौथीत सुटली होती. पुढे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता ते वाचनाला लागले, आणि वाचता वाचता लोक पुस्तकांबद्दल किती खोटं लिहितात ते त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी साप्ताहिक काढलं. आठ पानं, आणि आठही पानांवर फक्त पुस्तकं. कचेरी म्हणजे त्यांच्याच घराची बाहेरची खोली. टेबल, चार खुर्च्या, भिंतीला एक फळी. आतल्या खोलीत मोठं कपाट. त्यापलीकडे स्वयंपाकघर. मधली दारं कधी लागली नाहीत. त्यामुळे घरात काय शिजतंय ते कचेरीत कळायचं, आणि कचेरीत काय शिजतंय ते घरात.

पद्धत साधी होती. पुस्तकाच्या दोन प्रती यायच्या. दोन्हींवर मी पडायचो. एक प्रत लिहिणाऱ्याकडे जायची, दुसरी फळीवर. अभिप्राय छापून आला की फळीवरची प्रत आतल्या कपाटात जायची. फळीवर आहे तोवर देणं आहे, कपाटात गेलं की फिटलं. शिक्का पडला की देणं लागलं, असं संपादक म्हणायचे. पुस्तक चांगलं असो, वाईट असो, लेखक थोर असो की कोण कुठला, त्याला चार ओळी द्यायच्या आणि त्या खऱ्या द्यायच्या. दुसरी मासिकं न वाचलेल्या पुस्तकांची नुसती यादी छापायची आणि तिच्या डोक्यावर 'साभार पोच' असं लिहायची. त्या दोन शब्दांची संपादकांना चीड होती. पाहुण्याला उंबऱ्याबाहेरच पाणी पाजून वाटेला लावायचं आणि वर त्याचा सत्कार केला म्हणायचं, असा तो प्रकार आहे, असं त्यांचं मत होतं.

आणखी दोन गोष्टी त्यांनी ठरवून टाकल्या होत्या. आपल्या माणसाच्या पुस्तकावर आपण लिहायचं नाही. आणि रहस्यकथेतला खुनी कोण, ते अभिप्रायात फोडायचं नाही.

शनिवारी दुपारी मंडळी जमायची. मास्तर कविता, नाटकं आणि कुणालाच नको असलेली जाडजूड पुस्तकं घ्यायचे. दातांचे डॉक्टर फक्त रहस्यकथा वाचायचे. दिवसभर लोकांच्या तोंडात बघितल्यावर खून बरा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे. तो रस्ते बांधायच्या खात्यात होता आणि प्रवासवर्णनं, चरित्रं त्याच्याकडे जायची. एका प्रवाशाने एका दिवसात डोंगर ओलांडल्याचं लिहिलं होतं. फूटपट्टीने नकाशा काढून दाखवलं की लेखकमहाशय एकतर धावले असतील किंवा घरी बसले असतील. अभिप्रायात त्याने दोन्ही शक्यता दिल्या. कवितेचं पुस्तक हाती पडलं की तो अर्ध्या कोऱ्या पानांकडे बघून कागदाची हळहळ करायचा. मास्तर त्याला सांगायचे की कोरी जागा हाही कवितेचा भाग असतो. मग तेवढाच भाग जास्त छापा, असं तो म्हणायचा.

बालपुस्तकांचा निकाल सोपा होता. ती आधी संपादकांच्या लहान मुलाच्या हाती जायची. पानं फाटून, कोपरे चघळून परत आलं की पुस्तक उत्तम. धडधाकट परत आलं तर संपादक लेखकाला स्पष्ट कळवायचे.

मास्तरांना एका शब्दाचं व्यसन होतं. कुठलंही पुस्तक दिलं तरी शेवटी 'वाचनीय' यायचं. संपादकांनी ते एकदा सगळ्यांसमोर खोडलं.

"मास्तर, पुस्तक वाचण्यासाठीच असतं. चांभार चपलेला घालनीय म्हणतो का?"

त्यानंतर मास्तर 'संग्राह्य' लिहायला लागले.

खरं तर मास्तर काही संग्रह करत नसत. संपादक मला दाबताना खालच्या उजव्या कोपऱ्यावर जोर द्यायचे. वर्षं गेली तसा माझा तो कोपरा झिजला आणि 'नाही' पुसट होत होत गेलंच. ठसा उमटायचा : अभिप्रायार्थ, विक्रीसाठी. एके दिवशी संपादकांना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत आमचीच दहाबारा पुस्तकं दिसली. विकणारा म्हणाला, एक मास्तर आणून देतात. शनिवारी विचारणा झाली. मास्तरांनी शांतपणे पहिलं पान उघडून पुढे केलं. "तुमच्याच शिक्क्यावर लिहिलंय. मी सांगितल्याप्रमाणे वागलो." संपादक बराच वेळ पान बघत बसले. मग हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. नवा शिक्का मात्र त्यांनी केला नाही. मला टेबलावर ठेवून म्हणाले, वरची ओळ महत्त्वाची आहे, ती नीट आहे.

आता काकूंबद्दल सांगतो. संपादकांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. त्या मंडळींना चहा देत, पण नुसता चहा देऊन आत जाणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. दारात उभ्या राहून मतं द्यायच्या. कविता म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. चरित्र म्हणजे मेलेल्या माणसाची खोटी स्तुती. घरगुती कादंबऱ्यांवर तर त्यांचा विशेष राग होता. त्यांना त्या रडकथा म्हणत. सासवा, सुना, जावा, नणंदा हे सगळं घरात फुकट बघायला मिळतं, ते वाचायचं कशाला, असं त्यांचं रोकडं गणित होतं. त्यांच्या मते वाचण्याच्या लायकीचा प्रकार एकच : रहस्यकथा. डॉक्टरांकडून परत आलेल्या प्रत्येक रहस्यकथेचा त्या फडशा पाडत आणि मगच ती कपाटात ठेवत.

वाचण्याची त्यांची रीत निराळी होती. त्या शेवटचं पान आधी वाचायच्या. खुनी कोण ते बघायच्या, समाधानाने मान हलवायच्या आणि मग पहिल्या पानापासून सुरुवात करायच्या. डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"काकू, मग मजा काय राहिली?"

"भाजी घेताना तुम्ही उलटून बघत नाही?" काकू म्हणाल्या. "कोण आहे ते माहीत असलं म्हणजे तो कसा वागतो ते नीट बघता येतं."

पुढे एकदा डॉक्टरांनीच घोटाळा केला. एका नव्या रहस्यकथेवर लिहिताना त्यांचं पहिलंच वाक्य असं होतं : 'स्वयंपाकी खुनी असेल असं आम्हाला शेवटपर्यंत वाटलं नाही.' अंक बाहेर पडल्यावर ते सगळ्यांच्या लक्षात आलं. पुस्तकविक्रेता भांडायला आला. संपादकांनी पुढच्या अंकात माफी मागितली. घरात सगळे डोकं धरून बसलेले असताना एकट्या काकूंना यात रागवण्यासारखं काय आहे तेच कळेना. कोण ते कळल्याशिवाय माणूस वाचणार कसा, असं त्या खरोखर विचारत होत्या.

पुस्तकं चघळणारा मुलगा मोठा झाला, विमा कंपनीत लागला आणि खेळांच्या बातम्यांपलीकडे काही वाचेनासा झाला. त्याचं लग्न झालं. सून घरात आली ती कमी बोलणारी, सरळ बघणारी. पहिल्याच महिन्यात तिने छापायला निघालेल्या पानातली एक चूक दाखवली. संपादकांनी चूक दुरुस्त केली आणि तिच्यासाठी पाचवी खुर्ची आणली. ते तिला काही शिकवायचे नाहीत. तिने लिहिलेलं वाचायचे आणि जिथे तिने लेखकाला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल तिथे पेन्सिलीने रेघ मारायचे. हळूहळू रेघा कमी झाल्या. एका उन्हाळ्यात संपादक गेले. तेव्हापासून ती टेबलामागे बसली आणि मी तिच्या हाती आलो. तिचा हात हलका आहे. कोपऱ्यावर जोर देत नाही.

मग काकू लिहायला लागल्या. सत्तरी गाठली होती. दुपारी जेवणं आटोपली की त्या जुन्या प्रुफांच्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत बसत. काय लिहिता म्हणून मुलाने विचारलं तर म्हणाल्या, खून. त्याला वाटलं आई थट्टा करते. दोनेक वर्षं गेली. एका लहान प्रकाशकाने पुस्तक काढलं. घरात त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांची पुस्तकं येतात तशीच त्यांचीही आली : टपालाने, दोन प्रती, दोरीने बांधलेल्या.

सुनेने दोरी कापली. मुखपृष्ठावर थांबलेल्या घड्याळाचं चित्र होतं, खाली लाल अक्षरांत 'रहस्यकादंबरी', आणि त्याखाली सासूचं नाव. मी गादीवरून उचललेला होतो, शाई लागलेली होती. तिचा हात वर राहिला. ठसा पडला तर देणं लागणार होतं. न पडला तर पुस्तक हे घरी आलेलं पुस्तक होतं, प्रेमाने वाचून बाजूला ठेवता आलं असतं.

स्वयंपाकघरातून आवाज आला. "का गं, हात का थांबला? शिक्का मार."

मी पडलो. दोनदा.

पुढच्या शनिवारी पुस्तक फिरलं. डॉक्टरांचाच तो प्रांत, म्हणून प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांचं हल्ली जरा असंच आहे, म्हणाले, आणि मग निवांत बसून बारीक अक्षरांतली जाहिरात वाचत राहिले. फूटपट्टी म्हणाला की खुनाला अंतर नसतं, मोजणार काय. खरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. स्तुती केली तर घरच्यांची हाजी हाजी, दोष काढला तर ज्यांच्या हातचा चहा तीस वर्षं प्यायला त्यांनाच बोल. मास्तर मात्र तयार होते. पुस्तक तसंच राहू द्या, मी पानभर छान लिहून देतो, म्हणाले. वाचायचीही तोशीस नको.

सून नको म्हणाली. त्यावर मास्तरांनी डोळे मिचकावले. "बाहेरच्यांची पुस्तकं फाडणं सोपं असतं, सूनबाई. घरचं आलं की शिक्का जड होतो."

ते बरोबर बोलत होते. मीही तिच्या मुठीत जड झालो होतो. सूनबाईला दुहेरी पेच होता. साप्ताहिकाचा शब्द पाळायचा तर खरं लिहायला हवं, आणि खरं लिहून त्याच माणसासमोर रोज जेवायला बसायचं होतं. नवऱ्याने रात्री सोपा उपाय काढला : 'साभार पोच' अशी यादी काढ, त्यात आईचं नाव टाक, सुटलीस. ती म्हणाली, बाबांच्या साप्ताहिकात ती यादी तुझ्या आईच्या नावाने सुरू करू? तो कूस बदलून झोपला.

मग तिने स्वतः पुस्तक वाचायला घेतलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचा त्याच्या घरात खून होतो. घरात त्याच्या तीन मुली. खुनी कोण, ते मी सांगणार नाही. नियम मलाही लागू आहे. पण सुनेला ते तिसऱ्या प्रकरणात कळलं. ते पात्र खोलीत आलं रे आलं की लेखिका त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघायची. त्याच्या हातांकडे, त्याच्या पायांच्या आवाजाकडे. जन्मभर शेवट आधी वाचलेल्या बाईला, शेवट माहीत नसलेला वाचक कसा असतो हे ठाऊकच नव्हतं. लपवायचं काय आणि कुणापासून, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

सुनेने पुस्तक मिटून कपाळ दाबलं. नंतर पुन्हा उघडलं. एका सकाळी गॅसवर दूध ठेवून ती वाचत उभी होती. दूध उतू गेलं, शेगडी विझली, तिला पत्ता नाही. काकूंनी आतल्या खोलीतून येऊन गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि चक्क गुणगुणत पुसला. दूध उतू गेल्यावर त्या घरात गुणगुणल्याचं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

आठवडे गेले, महिने गेले. अभिप्राय येईना. काकू विचारत नव्हत्या. फक्त रोज सकाळी फळी पुसत, आणि पुसून झाली की त्यांचं पुस्तक सगळ्यांच्या पुढे येऊन उभं राहिलेलं असे. दुपारी सून दुसरी पुस्तकं काढताठेवताना ते मागे जाई. सकाळी पुन्हा पुढे.

काकूंचं पुस्तक आलं त्याच आठवड्यात नवा शिक्का आला होता. प्लास्टिकचा, दाबला की पोटातून आपली आपण शाई लागणारा, 'नाही'सकट. मला खणात ठेवलं. तिथे मी अजून आहे, आटलेल्या गादीशेजारी, दोन गंजलेल्या टाचण्यांसोबत. तक्रार नाही. काम संपलं की खण असतो. खण नीट बसत नाही, चार बोटं उघडाच राहतो, त्यामुळे मला बाहेरचं दिसतं. रबर कडक झालंय, आता पडलो तर तडा जाईल. फुटपाथवरच्या ढिगाऱ्यात माझा ठसा असलेलं पुस्तक तुम्हाला कधी मिळालं, तर माझं एक सांगणं आहे. ते आधी पूर्ण वाचा आणि मग काय वाटलं ते कुणाला तरी खरं सांगा. तेवढ्यासाठी मी त्यावर पडलो होतो. काकूंच्या पुस्तकावरचे दोन ठसे माझे शेवटचे. म्हणून ते देणं मला माझं वाटत होतं.

शेवटी काकूच बोलल्या. दुपारची वेळ होती, सून टेबलाशी बसलेली. काकू समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. त्या खुर्चीत त्या कधी बसल्या नव्हत्या. नेहमी दारातूनच बोलायच्या.

"डॉक्टर घाबरले, मास्तर लबाड आहेत. मग लिहिणार कोण?"

"मी लिहीन, आई."

"आपल्या माणसाच्या पुस्तकावर लिहायचं नाही, असा यांचा नियम."

"शिक्का पडला की लिहायचंच, हाही बाबांचाच."

"मग एक मोडावा लागेल. कुठला ते तुझं तू बघ." काकूंनी पदर सारखा केला. मग विचारलं, "खुनी कधी कळला?"

सूनबाई खोटं बोलू शकली असती. मी तिच्याकडे बघत होतो.

"तिसऱ्या प्रकरणात."

"दूध उतू गेलं तेव्हा कुठे होतीस?"

"सातव्यात."

"म्हणजे कळल्यानंतर."

"हो."

"कळलं होतं तर मग पुढे कशाला वाचत बसलीस?"

"राहवलं नाही." सून म्हणाली. "त्या तिघींना एकमेकींचं सगळं माहीत असतं. तरी त्या जेवायला बसतात, मीठ मागतात, पाणी देतात. कोण बोलून टाकते ते बघायचं होतं. खुनाशी मला काही कर्तव्य उरलं नव्हतं."

"मग ती रहस्यकथा झाली नाही."

"नाही झाली."

"काय झाली?"

काय बोलायचं ते सुनेला माहीत होतं आणि ते कसं लागेल तेही.

"कादंबरी, आई. घरगुती."

काकू उठल्या. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विनंती केली. त्या घरात त्यांनी कुणाला विनंती केल्याचं मला आठवत नाही.

"ऐक. वाईट म्हण. फसलेली म्हण, खुनी शेंबड्या पोराला कळतो म्हण. माझी ना नाही. पण रहस्यकथा म्हण. फसलेली रहस्यकथा. लोकांच्या रडकथांना मी जन्मभर नावं ठेवली. आता म्हातारपणी मीच एक लिहिली, असं चारचौघांत छापू नकोस."

"ती चांगली आहे म्हणून सांगतेय मी."

"म्हणूनच नको म्हणतेय." काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

नवऱ्याने त्या संध्याकाळी दोघींची तोंडं बघितली आणि काहीही न विचारता बाहेर फिरायला गेला. शहाणा माणूस. सून टेबलाशी बसली. आमच्या अंकात पुस्तकं प्रकारवार लागतात : कादंबरी, कविता, चरित्र, प्रवास, रहस्य, बालवाङ्मय. एका शब्दाचा प्रश्न होता. 'रहस्य' या मथळ्याखाली टाकलं तर सासू खूश, वाचकांना तरी काय फरक पडतो, पुस्तक तेच. तिने तसं लिहिलंसुद्धा. वाचलं. मग पेन्सिल घेतली आणि स्वतःच्याच ओळीवर रेघ मारली. नवं लिहायला तिला फार वेळ लागला नाही.

अंकात 'कादंबरी' या मथळ्याखाली आलं ते असं :

'या पुस्तकाची लेखिका प्रस्तुत लिहिणारीची सासू आहे. वाचकांनी हे ध्यानात ठेवून पुढचं वाचावं. मुखपृष्ठावर रहस्यकादंबरी असं छापलं आहे, ते आम्हाला पटत नाही. लेखिकेला खुनी लपवता येत नाही, तो लवकर कळतो. कळल्यावरही पुस्तक खाली ठेवता येत नाही. एका छपराखाली राहून सगळं जाणणाऱ्या आणि गप्प बसणाऱ्या तीन बहिणींची ही कादंबरी आहे. पोलीस येतात ती पानं नसती तरी चाललं असतं. जिथे बहिणी बोलतात तिथे पुस्तक उत्तम आहे, आणि जिथे त्या बोलत नाहीत तिथे त्याहून चांगलं.'

शनिवारी मंडळी आली. मास्तरांनी अंक वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या दिवशी त्यांनी डोळे मिचकावले नाहीत. डॉक्टर म्हणाले की आपण प्रत घरी न्यायला हवी होती, डोळे आता बरे आहेत. फूटपट्टीने विचारलं, काकूंनी वाचलं का. कुणाला माहीत नव्हतं. चहा आला तो सुनेनेच आणला.

मंडळी गेल्यावर काकू बाहेर आल्या. हातात अंक होता, घड्या पडलेला, म्हणजे एकदाच वाचलेला नव्हता. सून उभी राहिली. काकूंनी अंक टेबलावर ठेवला.

"पोलिसांची पानं जास्त झालीत, हे बरोबर आहे."

"बाकीचं?"

"बाकीचं तुझं मत आहे."

त्यांनी फळीवरून पुस्तक उचललं, पदराने पुसलं आणि आत नेलं. कपाट उघडल्याचा आवाज आला. सून दारापाशी जाऊन बघत होती. काकूंनी कादंबऱ्यांच्या कप्प्यासमोर थोडा वेळ घालवला. मग खाली वाकून रहस्यकथांच्या कप्प्यात जागा केली आणि पुस्तक तिथे बसवलं.

सुनेने ते हलवलं नाही. देणं फिटलं.